वात कमी करायची आज्ञा



आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना संगणकावरचं ते टर्मिनल दिसलं की धडकी भरते. "ते इंजिनिअर लोकांचं काम" म्हणून आपण माऊसकडे वळतो. माझं मत नेमकं उलटं आहे. जन्मभर फळ्यावर आणि वहीत लिहिलेल्या माणसाला चित्रांपेक्षा टर्मिनलच जवळचं वाटायला हवं. उदाहरणादाखल एकच विषय घेतो : पडद्याचा उजेड.

आपल्या वयात उजेड ही चैन नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. रात्री पडदा लख्ख असला की डोळ्यांतून पाणी येतं, फार मंद केला की अक्षर लागत नाही. मला मधली एक नेमकी जागा हवी असते. कीबोर्डवरच्या बटणाने उजेड पायरीपायरीने बदलतो, आणि खालच्या टोकाला प्रत्येक पायरी डोळ्याला मोठी वाटते. ९० टक्क्यांवरून ९५ वर गेलं तर कळतसुद्धा नाही, पण ५ वरून १० वर गेलं की उजेड जवळपास दुप्पट होतो.

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये याची सोय फार साधी आहे. 'सिस' नावाच्या फोल्डरात 'क्लास', त्यात 'बॅकलाइट', आणि त्यात तुमच्या पडद्याचं फोल्डर. तिथे 'मॅक्स ब्राइटनेस' या फाईलीत कमाल आकडा असतो. कुठे १५, कुठे २५५, कुठे हजारांत. 'ब्राइटनेस' या फाईलीत सध्याचा आकडा असतो. तिथे नवा आकडा लिहिला की पडदा तेवढाच उजळतो. बस्स! वाचायला ती फाईल सर्वांना खुली, लिहायला मात्र प्रशासकाचा पासवर्ड लागतो. हे सगळं टाळायचं असेल तर 'ब्राइटनेससीटीएल' हा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याचं नाव, मग 'सेट', मग '२२%' लिहून एंटर दाबायचं. शून्य मात्र लिहू नका, काही यंत्रांवर पडदा पूर्ण काळोखा होतो.

एक भेद लक्षात ठेवा. 'एक्सरँडर' या आज्ञेनेही पडदा मंद दिसतो, पण तिथे मागचा दिवा तसाच जळत असतो, फक्त चित्र काळवंडतं. कंदिलाची वात खाली न करता काचेवर काजळी धरू द्यावी, तसं हे. बॅटरी काही वाचत नाही. खरी वात खाली होते ती बॅकलाइटच्या आकड्याने.

आता मूळ मुद्दा. आज्ञा म्हणजे एक वाक्य आहे. ते वहीत उतरवून ठेवता येतं, दुसऱ्याला फोनवर सांगता येतं. "वर उजव्या कोपऱ्यात बघ, सूर्यासारखं काही दिसतंय का?" असं विचारून पाहा, अर्धा तास जातो. शिवाय नवी आवृत्ती आली की तो सूर्य दुसऱ्याच कोपऱ्यात उगवतो. बॅकलाइटच्या फायली मात्र पंधराहून अधिक वर्षं त्याच जागी आहेत.

कुणी म्हणेल, एक अक्षर चुकलं तर? यंत्र छडी मारत नाही. बहुतेक वेळा 'कमांड नॉट फाउंड' एवढंच म्हणतं, आपण पुन्हा लिहायचं. एक पथ्य मात्र पाळावं : ज्या आज्ञेचा अर्थ कळलेला नाही ती प्रशासकाच्या पासवर्डाने कधीही चालवू नये. पाठांतर आणि समज यांतला फरक शिक्षकाला सांगायला नको.

बटणाने ज्यांचं भागतं त्यांनी खुशाल बटण दाबावं, माझा आग्रह नाही. पण डोळे आपले आहेत आणि यंत्रही आपण पैसे मोजून घेतलेलं आहे. त्याचा उजेड कमी करायला नातवाच्या सुट्टीची वाट पाहत डोळे चोळत बसावं, हे मला पटत नाही. ती एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि रात्री तुमचा आकडा किती असतो, तेही कळवा. माझा २२.