दक्षिणा ठरल्या दिवशीं, शिष्यवृत्ती मात्र परीक्षेनंतर!

रयतबांधवहो,

शहरांतल्या शहाण्यांच्या तोंडीं हल्लीं एक शब्द फार रुळला आहे, तो म्हणजे ‘फुकटे’. कुणब्याचा, सुताराचा, कुंभाराचा पोर सरकारी शिष्यवृत्तीवर कॉलेजांत गेला कीं हे गृहस्थ नाक मुरडून म्हणतात, ‘आमच्या करावर हीं पोरें शिकतात.’ आम्ही त्यांस विचारतों, कर काय तुम्ही एकटेच भरतां? कुणबी खताची गोणी घेतो, लोहार पोलाद घेतो, त्याची कारभारीण साबणाची वडी घेते, त्या प्रत्येकावर जी. एस. टी. चुकती होते. दुकानदार तेथें जात विचारीत नाहीं, कीं उत्पन्नाचा दाखला मागत नाहीं!

फुकटेपणाची गोष्ट निघालीच आहे तर थोडें मागें जाऊं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. पैसा कोठला? रयतेच्या साऱ्याचा. पेशवाई बुडाली, पण दक्षिणा बुडाली नाहीं. इंग्रज सरकारनें त्याच पैशांतून 1821 सालीं पुण्यांत संस्कृत पाठशाळा काढली. पुढें कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले. त्या घेणाऱ्यांस कोणीं फुकटे म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तो विद्वत्तेचा मान ठरला! (1849 सालीं या फंडाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांकडे वळवा असा अर्ज झाला, त्यांत ब्राह्मण सुधारकही होते, हें न्यायास धरून सांगितलें पाहिजे.) मुद्दा एवढाच कीं, तीच तिजोरी, तीच रयत, घेणारा बदलला कीं दक्षिणेची भीक कशी होते?

जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मांडलें, कीं सरकारचा वसूल कष्टकऱ्यांच्या घामांतून येतो आणि विद्याखात्याचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. शाहू छत्रपतींनीं तर बोलण्यावर न थांबतां 1901 सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह उघडलें, आणि मग इतर जातींचींही. महाराजांस नेमकें ठाऊक होतें कीं खेड्यांतला पोर नुसती फी माफ झाल्यानें शिकत नाहीं. त्यास रात्रीं पाठ टेकायला जागा आणि दोन वेळां भाकरी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनींही शाळेबरोबर बोर्डिंगें काढलीं तीं याच कारणानें.

ही खूण आजचे कारभारी विसरले आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती 1944 सालीं सुरू झाली, तेव्हां डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत होते. त्या योजनेचे 2021 चे नियम पाहा. बी. ए. करणाऱ्या व वसतिगृहांत राहणाऱ्या मुलास सालीना 6,000 रुपये भत्ता! म्हणजे महिन्यास पांचशें. पुण्यांत पांचशें रुपयांत महिनाभर जेवूं घालणारी खानावळ कोणास ठाऊक असल्यास त्यानें पत्ता अवश्य कळवावा, आम्ही तो मोठ्या टाइपांत छापूं.

आणि हे पांचशें तरी वेळेवर येतात कां? ‘महाडीबीटी’ नांवाचें संगणकी दार 2017 सालीं उघडलें. आतां दलाल नको, हेलपाटा नको, असें सांगण्यांत आलें. हेलपाटे आहेतच, तलाठ्याकडे, तहसिलींत, सेतू केंद्रावर, मग बँकेंत, कारण आधार जोडलें गेलें नाहीं! सगळें झाल्यावर अर्ज कॉलेजच्या मेजावर पडून राहतो. जूनांत पोर दाखल होतो, पैसा परीक्षा उरकल्यावर येतो. कधीं पुढलें साल उजाडतें. तोंवर बाप सावकाराचें दार धरतो किंवा गोठ्यांतली गाय बाजारांत नेतो. पेरणी होऊन गेल्यावर मिळालेलें बियाणें काय चुलींत घालावें?

जुलै 2024 मध्यें सरकारनें आठ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या इतर मागास व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. काम चांगलें झालें, आम्ही तें चांगलेंच म्हणतों. पण लेकीला एस. टी. चा पास, खोलीचें भाडें, डबा हें फींत येत नाहीं. फी संस्थाचालकाच्या तिजोरींत जाते, उपास लेकीच्या वाट्यास राहतो.

आमचें मागणें फार नाहीं. श्रावणांतली दक्षिणा ठरलेल्या महिन्यांत निघे, तसा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता ठरलेल्या तारखेस, सत्राच्या आरंभीं, मुलाच्या खात्यांत पडावा. सरकारचें देणें राहिलें म्हणून कॉलेजानें मुलाची गुणपत्रिका अडवूं नये. रयतेची पट्टी थकली तर दंड लागतो. मग सरकारकडून रक्कम थकली तर व्याज कां नको? आणि भत्ता खानावळीच्या दरानें ठरवा, कारकुनाच्या अंदाजानें नको.

येत्या ग्रामसभेंत हे चार मुद्दे ठराव म्हणून मांडा. ग्रामसेवक कांकूं करील. त्यास सांगा, इतिवृत्तांत लिहून घ्या आणि नक्कल द्या. ज्या घरचा पोर अडकला असेल त्यानें अर्जाची तारीख, कॉलेजनें तो पुढें पाठविल्याची तारीख व पैसा आल्याची तारीख, अशा तीनच गोष्टी एका कार्डावर लिहून आमच्याकडे धाडाव्यात. नांव छापणार नाहीं. तारखा मात्र दर आठवड्यास छापूं.