दिव्याची जबानी

मोटारीच्या मीटरवरील लाल अथवा पिवळा दिवा एकदा उजळला आणि काही केल्या मालवेनासा झाला, म्हणजे तो मालवण्याचे दोन मार्ग संभवतात: ज्या कारणाने तो लागला ते शोधून दूर करणे हा एक, आणि मीटर खोलून त्याचा बल्बच काढून घेणे हा दुसरा, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जुन्या गाड्यांच्या बाबतीत या दुसऱ्या मार्गाला जी अनायास मान्यता मिळून गेली आहे, तिच्याविरुद्ध तक्रार गुदरावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. "बल्बच काढून टाकतो ना भाऊ, कायले डोक्याले ताप?" असे मिस्त्री म्हणतो आणि गाडीचा धनी सुटकेचा निःश्वास टाकतो. साक्षीदाराची जबानी न घेताच त्याला कचेरीबाहेर घालवून देण्याचा हा प्रकार आहे.

साक्षीदार खोटा असू शकतो, हे अर्थातच मान्य केले पाहिजे. पंधरा-वीस वर्षे वऱ्हाडच्या काळ्या मातीची धूळ खाल्लेल्या, प्रत्येक पावसाळ्यात दमट झालेल्या आणि हिवाळ्यात उंदरांना बोनेटखाली बिऱ्हाड करू दिलेल्या गाडीच्या तारा शाबूत राहिल्या तरच नवल. कोठे कप्लरवर गंज चढतो, कोठे अर्थिंगचा बोल्ट सैल होतो, आणि इंजिन निर्दोष असतानाही दिवा लागतो. परंतु तो खोटे बोलतो की खरे, हे ठरवण्याची रीत इतकी सोपी आहे की ती न अवलंबण्याला आळसाखेरीज दुसरे कारण सापडत नाही.

ऑइलचा दिवा घ्या. त्याची तार इंजिनावर बसवलेल्या एका लहानशा स्विचपर्यंत जाते. ऑइलचा दाब साधारणतः पाव ते अर्धा किलोच्या खाली गेला की तो स्विच मिटतो आणि दिवा लागतो. प्रथम गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. ती योग्य असेल तर किल्ली फिरवून, इंजिन चालू न करता, स्विचवरची तार काढावी. दिवा तरीही जळत राहिला तर तार कोठेतरी बॉडीला घासून उघडी पडली आहे, इंजिनाचा काही अपराध नाही. दिवा मालवला तर मात्र संशय दोघांवर येतो, स्विचवर आणि प्रत्यक्ष दाबावर, आणि त्यांपैकी खरा गुन्हेगार कोण याचा निर्णय स्विचच्या जागी दाबमापक लावून, इंजिन चालू करूनच करावा. नवा स्विच बसवून नशिबाची परीक्षा पाहू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, ऑइल पातळ होते, आणि झिजलेल्या बेअरिंगांच्या इंजिनात सिग्नलपाशी उभे असताना हा दिवा लुकलुकू लागतो. त्या लुकलुकण्याला ‘सेन्सर खराब’ असे नाव देणे फार सोयीचे असते.

ही सोय आता पूर्वीपेक्षा महाग पडते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. रस्ता खडबडीत होता तेव्हा जुनी गाडी नाइलाजाने सबुरीने चाले. आता मूर्तिजापूर मागे पडते ते कळतही नाही, आणि ऑइलचा दाब गेलेले इंजिन त्या वेगाने जाम व्हावयास काही मिनिटे पुरतात.

बॅटरीच्या दिव्याची हकिकत याहून मौजेची आहे. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला वीज निर्माण करण्यास प्रवृत्त करणारा आरंभीचा प्रवाह या दिव्याच्या बल्बमधूनच जातो. अल्टरनेटर चालू झाला की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि दिवा आपोआप मालवतो. म्हणजे जो बल्ब कटकट म्हणून काढून टाकला, तोच पुष्कळदा चार्जिंगच्या व्यवस्थेचा एक घटक असतो, आणि तो काढल्यामुळे चांगला अल्टरनेटरही निकामी भासू लागतो, मग तो बदलला जातो, मग बॅटरी बदलली जाते, आणि दोष जागच्या जागी राहतो. वास्तविक इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावून साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळतात किंवा नाही एवढे पाहिले असते तरी खातरजमा झाली असती.

तापमानाच्या दिव्याला आपल्या भागात एक खास स्थानिक कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर आणि आसपासचा मुलूख, तेथील भूजल खारे. तेच बोअरचे पाणी कूलंट म्हणून रेडिएटरमध्ये ओतण्याचा शिरस्ता कित्येक घरी आहे. क्षार साचून नळ्या आखडतात, सेन्सरच्या टोकावर पुटे चढतात, आणि मग चिखलदऱ्याचा घाट चढताना दिवा कधी विनाकारण लागतो, तर कधी कारण असूनही लागत नाही. यांतला दुसरा प्रकार अधिक घातक होय. याला उपाय फक्त डिस्टिल्ड पाणी आणि योग्य कूलंट यांचा, परंतु पाण्याला पैसे मोजणे आपल्या मनाला पटत नाही.

पिवळा इंजिनाचा दिवा अलीकडचा. २०१० पासून भारत स्टेज चारच्या गाड्यांना आपल्याच इंजिनाच्या बिघाडांची दप्तरनोंद ठेवण्याची सक्ती झाली, २०१३ पासून ती अधिक कडक झाली, आणि त्या गाड्या आता जुन्या म्हणून आपल्या बाजारात उतरल्या आहेत. स्कॅनर लावला की नोंद वाचता येते. मात्र ती नोंद म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे. मिश्रणात पेट्रोल कमी आहे अशी नोंद निघाली म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात, आणि हवेची एखादी चिरलेली रबरी नळी मात्र कोणी पाहिलेली नसते. काही जण नोंद पुसून गाडी परत करतात. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान हा सारा पुरावाही पुसला जातो.

मिस्त्रीला दोष देऊन मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. नवा सेन्सर बसवला तर त्याची मजुरी आपण विनातक्रार देतो, तो मनुष्य तासभर तारा तपासून एक सैल बोल्ट आवळील आणि त्या तासाचे तीनशे रुपये मागेल, तर "केलं काय तुम्ही?" असे विचारणारे आपणच. तपासाला मोल नाही आणि सुट्या भागाला आहे, असा व्यवहार ज्या गावात रूढ होतो, त्या गावात तपास करील कोण?

या व्यवहाराचा भुर्दंड अखेर गाडी विकत घेणाऱ्याला पडतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि १ एप्रिल २०२२ पासून यासाठीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. एवढे शुल्क भरणाऱ्याच्या गाडीत किल्ली फिरवताच कोणते दिवे उजळले आणि इंजिन चालू होताच कोणते मालवले, याची एक ओळ तपासणीच्या कागदावर आवर्जून असावी, अशी माझी सूचना आहे. ती अमलात येईतो खरेदीदाराने स्वतःच हे पाहावे. इंजिन चालू न करता किल्ली फिरवावी, हँडब्रेक ओढलेला असावा. ऑइल, बॅटरी, ब्रेक आणि असल्यास इंजिन, हे सर्व दिवे लागलेच पाहिजेत. सतत जळणाऱ्या दिव्यापेक्षा मुळीच न लागणाऱ्या दिव्याची चौकशी अधिक कसून करावी. आणि "तो तं पयलेपासूनच नाही लागत" असे विकणाऱ्याने हसत सांगितले, तर मीटर खोलून, त्या जागी बल्ब बसवून, इंजिन पुरते गरम होईपर्यंत गाडी चालवून पाहिल्याखेरीज इसाराचा एक रुपयाही देऊ नये.