दोन दिवसांचं व्याज

मार्च संपत आला की अजूनही माझी झोप उडते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, आता मला आकडा विचारणारं कुणी नाही. तरी एकतीस तारखेच्या रात्री अकराच्या सुमाराला मी उगाच उठून बसतो. बायको कूस बदलता बदलता म्हणते, "झोपा आता, बँक बंद झाली."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोल्हापुरातल्या एका शाखेचा मी मॅनेजर होतो. ठेवींचं उद्दिष्ट वरून ठरून आलेलं. गेल्या वर्षीच्या आकड्यावर पंचवीस टक्के चढवायचे आणि पाठवून द्यायचं, एवढाच त्यामागचा अभ्यास. त्या साली गुळाला भाव नव्हता, लोकांच्या हातात पैसा नव्हता, आणि एकतीस मार्चला दुपारी आम्ही पस्तीस लाखांनी मागे होतो. वरिष्ठांचा फोन आला. मी अडचण सांगू लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, "कसं ते मला सांगू नका. आकडा सांगा."

मी मार्केट यार्डातल्या एका अडत्याला बोलावून घेतलं. त्याच्या कॅश क्रेडिटमध्ये उचल शिल्लक होती. त्याला म्हटलं, पस्तीस लाख उचला आणि इथंच तुमच्या चालू खात्यात ठेवा, परवा उलटं फिरवू. तिजोरीतली एक नोटही हलली नाही. एका पानावर नावे पडले, दुसऱ्या पानावर जमा झाले. ठेवी वाढल्या आणि कर्जवाटपही तेवढंच वाढलं. अडत्या हसला. "करतो की साहेब. पन दोन दिवसांचं व्याज कुनी भरायचं?"

अठरा टक्क्यांनी ते साडेतीन हजारांच्या आत होतं. भरलं त्यानंच. पुढं जूनमध्ये त्याचा मर्यादा वाढवून मागणारा अर्ज आला, तेव्हा गोदामातला माल पाहायला मी गेलो नाही. 'समक्ष पाहणी केली' असं मात्र लिहिलं.

व्हाउचर लिहिणारा पोरगा नोकरीत नवा होता, गडहिंग्लजकडचा. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, हे चालतं?" मी म्हणालो, "सगळेच करतात."

ताळेबंद जगापुढं जातो. तो तपासायला सनदी लेखापाल असतात, मागं कायदा असतो. पण शाखेकडून वर जाणारे तक्ते घरातल्या घरात राहतात. त्यांवर बढत्या ठरतात, बदल्या ठरतात, आणि ज्याला मोजायचं त्याच्याच हातात मोजपट्टी असते. उसाच्या वजनाबद्दल आपला शेतकरी पिढ्यान् पिढ्या एकच विचारत आला आहे, काटा कुणाचा? बँकेत हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही.

हे जुन्या काळचं म्हणावं, तर तसंही नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली. गरिबाचं खातं निघालं, चांगलंच झालं. पण शून्य शिलकीची खाती किती, हा आकडा लाजिरवाणा ठरू लागला. २०१६ साली एका इंग्रजी दैनिकानं माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा फक्त एक रुपया शिल्लक असलेली खाती एक कोटीच्या वर निघाली. काही शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी कबूल केलं, की तो रुपया त्यांनीच टाकला होता. कुणी आपल्या भत्त्यातून, कुणी शाखेच्या चहापाण्याच्या पैशातून. वाचून मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

रुपयानं कुणाचं नुकसान झालं, असं कुणी विचारेल. तर पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेकडे पाहा. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा राहिली. फिर्यादीत म्हटलं होतं, की एका बांधकाम समूहाची ४४ थकीत खाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती कागदोपत्री दाखवली गेली. गुंतलेली रक्कम साडेसहा हजार कोटींच्या पुढं. तपासणीत मोठी कर्जं बारकाईनं पाहतात, लहान नमुन्यादाखल, हे बँकेतला शिपाईसुद्धा जाणतो. म्हणून मोठ्याचे तुकडे केले. मुलीच्या लग्नाचे, आजारपणाचे पैसे अडकलेले लोक रस्त्यावर उभे होते. २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवीदारांच्या हाती पुढची कित्येक वर्षं हप्त्यांचं वेळापत्रकच आलं.

माझे पस्तीस लाख आणि ते साडेसहा हजार कोटी एका तराजूत घालू नका, असं माझे जुने सहकारी म्हणतात. खरं आहे, तिथं लबाडी होती, आणि मी एक पैसा खाल्ला नाही. पण पैसा खाल्ला नाही म्हणूनच तर मला ते सोपं गेलं! रात्री घरी जाऊन मी स्वस्थ जेवलो होतो.

माझं म्हणणं एवढंच, की एका रात्रीच्या आकड्यावर शाखा जोखू नये, वर्षाच्या सरासरी शिलकीवर जोखावी. आणि उद्दिष्ट देणाऱ्यानं ते कोणत्या आधारावर दिलं, हेही त्याच तक्त्यावर त्याच्या सहीनिशी असावं. पुढं गैरप्रकार निघाला, तर चौकशीचा कागद त्याच्याही टेबलावर जावा. आजवर तो खालीच राहत आला.

तो गडहिंग्लजचा पोरगा पुढं मॅनेजर झाला. २००४ पासून नव्वद दिवस थकलेलं कर्ज अनुत्पादक धरायचा नियम लागू झालेला. त्याच्या शाखेतली काही कर्जं त्या रेषेवर आली, तेव्हा त्यानं त्याच माणसांना नवी कर्जं देऊन जुन्याचे हप्ते भरून घेतले. गावाकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. वर्षभर शाखेचं कौतुक झालं, मग तपासणी आली आणि तो निलंबित झाला. ही पद्धत कुठं शिकलात, असं चौकशीत विचारलं, तर त्यानं 'स्वतःहून' असं लिहून दिलं. तो कागद मी पाहिला आहे.

गेल्या वर्षी रंकाळ्यावर फिरताना भेटला. केस पांढरे झालेत. वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या कादंबऱ्या सगळ्या वाचल्या मी. बँक तेवढी कुठं दिसली नाही त्यात."