एचआयव्हीची गोळी आणि नवी शिवाशिव



आपल्या वस्तीत साखरेचा आजार असलेला माणूस चारचौघांत गोळी घेतो. एचआयव्ही असलेला मात्र डबीवरचे लेबल फाडतो, आणि एआरटी केंद्रात ओळखीचे कोणी दिसले तर रांगेतून माघारी फिरतो. त्याची गोळी चुकते ती बेफिकिरीने नव्हे, आपल्या भीतीने.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत सुरू झाले. आज बहुतेकांना तीन औषधे मिळून बनलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. पण आयुष्यभर, न चुकता. उपचाराने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने तर ती कधीच होत नव्हती. तरी घरात ताट वेगळे काढले जाते. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला हवा का?

"केले ते भोगा" म्हणणारा आपला कार्यकर्ता नकळत कर्मसिद्धान्तच बोलत असतो. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा र. धों. कर्वे यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवरच्या चर्चेची बाजू घेताना ते लाजले नाहीत. मग आपण का गप्प?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा नोकरी, शाळा, दवाखाना आणि भाड्याचे घर यांत भेदभावाला मनाई करतो. पण त्याच्याच कलम १४ मध्ये सरकारने उपचार 'शक्य असेल तितके' पुरवावेत अशी पळवाट आहे. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध एचआयव्हीसह जगणाऱ्यांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर धरणे धरावे लागले. संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क 'शक्य असेल तितका' असतो का?

जयंतीला आपण आरोग्य शिबिरे घेतोच. त्यात एचआयव्हीवर उघड बोला. ज्याची रोजंदारी बुडते त्याच्यासोबत केंद्रापर्यंत जा, पण त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू नका. औषध कमी पडले तर निवेदन घेऊन आपण पुढे व्हा. आणि घरातले वेगळे ताट आजच उचला. ज्यांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांच्या लेकरांच्या घरात ते शोभत नाही.