जुन्या गाडीची किंमत : शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे

जुनी गाडी विकायची ठरली की आपल्याकडे पहिला फोन दलालाला जात नाही, नात्यातल्या माणसाला जातो. "तुमच्या धाकट्याला गाडी हवी होती ना?" अशी सुरुवात होते आणि किमतीचा विषय निघाला की दोन्हीकडचे आवाज खाली येतात. विकणारा म्हणतो, "तुम्हीच सांगा." घेणारा म्हणतो, "तुम्ही म्हणाल ते." आकडा कोणीच उच्चारत नाही. मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस अंदाजाने एक रक्कम सांगतं, आणि पुढची काही वर्षं दोन्ही घरांना वाटत राहतं की नुकसान आपलंच झालं.

हे टाळायचं तर आकडा कागदावर काढता आला पाहिजे. आज तो हिशेब चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीसाठी मांडू. नेक्सॉन २०१७ ला आली, व्हेन्यू आणि एक्सयूव्ही३०० २०१९ ला, सोनेट २०२० ला. म्हणजे सुरुवातीला घेतलेल्या गाड्या आता विकायच्या वयाला आल्या आहेत.

पहिली गोष्ट, आपण किती दिले होते ते बाजूला ठेवा. ऑन-रोड किमतीतला रोड टॅक्स, पहिल्या वर्षांचा विमा आणि हौसेने बसवलेली सीट कव्हरं यांचे पैसे बाजारात परत मिळत नाहीत. घेणारा तुमच्या जुन्या पावतीकडे बघत नाही, आज शोरूममध्ये तीच गाडी कितीला मिळते ते बघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कंपनीने सगळा फायदा पुढे दिला असेल तर १० लाख एक्स-शोरूमची गाडी साधारण ९ लाख १५ हजारांवर आली. नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीही खाली आली, मग तुम्ही ती कितीही जपून वापरलेली असो. ब्रेझा मात्र लांबीत बसत असली तरी तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती १८ टक्क्यांत येत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा हिशेब आपल्या गाडीला लावू नका.

दुसरी गोष्ट, बाजारभाव. तुमचंच मॉडेल, तेच साल, तेच इंधन, तोच व्हेरियंट, आणि नंबर प्लेटही केए-२२, अशा आठ-दहा जाहिराती काढा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सोडून द्या. मधला आकडा म्हणजे मागितलेली किंमत. सौदा त्याच्या खालीच होतो, म्हणून घासाघिशीचे थोडे कमी करा. विमा पॉलिसीवरची आयडीव्ही हा फक्त पडताळा समजा. तिथे गाडी एक वर्षाची झाली की २० टक्के, दोन वर्षांची झाली की ३०, तीनला ४० आणि चारला ५० टक्के घसारा ठरलेला असतो. गाडी कशी ठेवली आहे हे त्या तक्त्याला माहीत नसतं.

तिसरी गोष्ट, घेणाऱ्याला लगेच करावा लागणारा खर्च वजा करा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांचे टायर बदलायला आलेच म्हणून समजा. बॅटरी, क्लच, राहिलेली सर्व्हिस, संपत आलेला विमा, सगळं लिहा. कंपनीने गाडी बनवणंच थांबवलं असेल तर तेही धरा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केल्यावर चांगल्या इकोस्पोर्टलाही गिऱ्हाईक सुट्या भागांचं काय, असं विचारू लागलं. जुन्या गाडीच्या भावात अशी भीतीही मोजली जाते.

आता समजुतीसाठी आकडे घेऊ. २०२१ ची पेट्रोल गाडी. जाहिरातींतला मधला आकडा ६ लाख ९० हजार. घासाघिशीचे ३० हजार गेले, ६ लाख ६० हजार उरले. टायर, बॅटरी, सर्व्हिस मिळून ४५ हजार. राहिले ६ लाख १५ हजार. ही बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी किंमत. नंतर गाडी दोन-तीन जुन्या गाड्यांच्या डीलरना दाखवा. ते दुरुस्ती, नफा आणि जोखीम धरून समजा ५ लाख ५५ हजार म्हणाले. या दोन आकड्यांमधली ६० हजारांची फट हीच घरातल्या सौद्याची जागा आहे. मधोमध, म्हणजे ५ लाख ८५ हजारांना द्या. विकणाऱ्याला डीलरपेक्षा ३० हजार जास्त मिळतात, घेणाऱ्याचे बाजारापेक्षा ३० हजार वाचतात. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. तिन्ही आकडे कागदावर असले की पुढे कधी विषय निघाला तरी कागद दाखवता येतो.

पण आपली नाती बेळगावातच थोडी संपतात? ताई चंदगडला दिलेली असते, आत्या गडहिंग्लजला. शिनोळीला हद्द ओलांडली की राज्य बदलतं आणि गाडीची किंमतही. चंदगडच्या माणसाने केए-२२ गाडी घेतली तर आधी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिकडे एमएच-०९ नंबर, आणि त्यासाठी महाराष्ट्राचा रोड टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेला. कर्नाटकात आपण भरलेला आयुष्यभराचा टॅक्स तिकडे चालत नाही. म्हणून ताईसाठी हिशेब एमएच-०९ च्या जाहिरातींवरून सुरू करायचा आणि टॅक्स वजा करायचा.

वरच्याच उदाहरणात तिकडचा बाजारभावही ६ लाख १५ हजार निघाला आणि टॅक्स, नोंदणी, एजंट मिळून ४० हजार लागणार असतील, तर ६० हजारांच्या फटीतले २० हजारच वाटायला उरतात. म्हणजे ताईला गाडी ५ लाख ६५ हजारांना द्यावी. हाच खर्च ७० हजार असेल तर फटच संपली. तेव्हा प्रेमापोटी गाडी पलीकडे पाठवणं दोघांनाही महागात पडतं. तुम्ही इथे विका, ताईने तिकडे घ्यावी. हे स्पष्ट सांगण्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आधी कोल्हापूरच्या आरटीओत टॅक्सचा नेमका आकडा विचारायचा आणि मगच तोंडातून किंमत काढायची.

कर्नाटकात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो. तो हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. मिळालाच तर कोणाचा, हे मात्र त्याच कागदावर लिहून ठेवा.

"नंबर कशाला बदलायचा? बेळगावला येणं-जाणं असतंच की," असं कोणी म्हणेल. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की कायद्याने तिथली नोंदणी घ्यावी लागते. शिवाय कागद तुमच्याच नावावर राहिले तर धोका तुमचा. गाडी विकली पण नोंदणी बदलली नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या माणसावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरातला माणूस म्हणून यात सूट नाही. म्हणून फॉर्म २९ आणि ३०, परराज्यासाठी फॉर्म २८, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५, एवढं पूर्ण झाल्यावरच किल्ली द्या. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला १४ दिवस असतात, परराज्यात ४५.

आणि एक गोष्ट गाडीबरोबर देऊ नका : नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. ताईच्या सौद्यात सोडलेल्या रकमेतले काही हजार तिथे भरून निघतील.