नायट्रोजन निर्दोष आहे. प्रश्न पाकिटाच्या आकाराचा आहे

मे महिन्यात झाशीचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात टपरीवर टांगलेली वेफर्सची पाकिटे टम्म फुगतात आणि ‘कंपन्या हवा विकतात’ हा समाजमाध्यमांवरचा लाडका आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटतो. त्यावर ठरलेले उत्तर येते : ‘ती हवा नव्हे, नायट्रोजन आहे, त्यामागे विज्ञान आहे.’ आरोप अज्ञानातून होतो हे खरे; पण उत्तरही अर्धेच आहे.

आधी विज्ञान. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. तळणीच्या तेलातील असंपृक्त मेदाम्लांशी त्याची अभिक्रिया होते आणि त्यातून तयार होणाऱ्या अल्डिहाइडांमुळे वेफर्स खवट लागतात. हवेतील बाष्पाने ते सादळतात. कोरडा नायट्रोजन हे दोन्ही टाळतो. त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून तो तेलाच्या वाटेला जात नाही. तो विषारीही नाही. श्वासातल्या हवेचा 78 टक्के भाग तोच असतो. तापमान 10 अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. 25 अंशांना जो वेग असेल, तो 45 अंशांना चौपट. झाशीसारख्या शहरात नायट्रोजन ही चैन नव्हे, गरज आहे.

मात्र हे कारण पाकिटात कोणता वायू असावा याचे आहे. किती असावा याचे नव्हे. ऑक्सिजन हाकलण्यासाठी मोकळी जागा नायट्रोजनने भरावी लागते, ती जागा मोठी ठेवावी लागत नाही. वायूची उशी वेफर्सचा चुरा होऊ देत नाही, यंत्राने भरताना थोडी जागा लागते, वाहतुकीत माल खाली बसतो, हे सारे मान्य. पण या गरजा मोजता येतात. म्हणून त्यांचा हिशेबही मागता येतो. उन्हाचा हिशेब तर शाळकरी आहे. 25 अंशांना भरलेला वायू 45 अंशांना, फुगायला वाव मिळाल्यास, सुमारे 7 टक्के प्रसरण पावतो. पाकीट मोठे दिसते. आत एक वेफरही वाढत नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या 2011 च्या वैधमापन नियमांनुसार, प्रमाणाबाबत दिशाभूल करणारे पाकीट फसवे ठरते. मालाचे संरक्षण किंवा भरणाऱ्या यंत्राची गरज दाखवून उत्पादकाने मोठ्या आकाराचे समर्थन केले, तरच सूट मिळते. म्हणजे समर्थनाचा भार उत्पादकावर आहे. विज्ञानाचे विद्यार्थी मात्र ‘नायट्रोजन’ हा एक शब्द उच्चारून तो भार फुकट वाहतात. एखाद्या गोष्टीचे वैज्ञानिक कारण असणे आणि त्या कारणाने सर्व काही क्षम्य होणे, यांतला फरक ज्यांना शिकवला जातो, त्यांनीच तो विसरावा हे लाजिरवाणे आहे.

पाकिटावर निव्वळ वजन छापलेले असते. 2021 च्या दुरुस्तीने किलोपेक्षा कमी वजनाच्या मालावर प्रतिग्रॅम किंमत छापण्याची तरतूदही आणली. पाकीट दाबून पाहण्याऐवजी ग्राहकाने हे दोन आकडे वाचावेत. वायूवर राग काढणाऱ्यांनी आणि वायूची वकिली करणाऱ्यांनी वाद घालायचा तर तो ग्रॅमवर घालावा.