सिंधी परकी कशी?

मा. संपादक,

'सिंधी अरबी कुळातली. मराठीशी तिचं नातं इंडोनेशियन आणि नावाहोइतकंच' हा आपल्या लेखातला दावा साफ चूक आहे. लिपी अरबी वळणाची, ५२ अक्षरांची. तेवढ्याने कूळ बदलत नाही. इंडोनेशियन रोमन लिपीत लिहितात, म्हणून ती युरोपीय होते का? ती ऑस्ट्रोनेशियन, नावाहो अथाबास्कन. सिंधी-मराठी मात्र दोन्ही इंडो-आर्यन. फरक आहेतच. मराठीने नपुंसकलिंग राखलं, सिंधीने सोडलं. उल्हासनगरच्या कॅम्पातला दुकानदार 'ॿ' म्हणताना हवा आत ओढतो, ते आपल्याला साधत नाही. पण 'राम जो घरु' समजायला दुभाष्या लागतो? आणि ही 'परकी' भाषा १० एप्रिल १९६७ पासून आठव्या अनुसूचीत आहे.

– एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)